नानांच्या डब्यातला दगड: रैयोलीचं अंडं की नुसती गाठ?

केतकी_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे फक्त वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

दोन महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर भाड्याचं, आता ते रिकामं करून द्यायचं आहे. म्हणून भाऊ आणि मी दर रविवारी एकेक कपाट उपसतो आहोत. नाना आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होते. त्यामुळे नकाशांच्या गुंडाळ्या, पर्जन्यमापकाच्या नोंदी, तऱ्हेतऱ्हेचे दगड हे सगळं अपेक्षितच होतं. पण माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. त्यात कापसात गुंडाळलेला एक गोल दगड होता. सोललेल्या लहान नारळाएवढा, राखाडी-पिवळट, एका बाजूने थोडा चपटा. त्याच्याखाली एक काडेपेटी आणि घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठी जशीच्या तशी देते:

"रैयोली. टेकडीचा पश्चिम उतार. ओढ्यापासून वर ४० पावले. नांगरलेल्या शेताच्या बांधावर. ११ नोव्हेंबर १९८६. अंडे?"

रैयोली म्हणजे गुजरातेत बालासिनोरजवळचं, डायनोसॉरच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. ते प्रश्नचिन्ह नानांनीच काढलेलं आहे. याबद्दल ते आम्हाला कधी काहीच बोलले नाहीत.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याची खात्री आहे की हे डायनोसॉरचं अंडं आहे, आणि त्याला ते शाळेत न्यायचं आहे. भाऊ म्हणतो, नानांची आठवण आहे, कुठे द्यायची नाही. माझे दोन प्रश्न आहेत. हे खरंच अंडं आहे का, हे ओळखायचं कसं? आणि असलं, तर ते घरात ठेवावं का? कुणाला माहिती असेल तर मनापासून सांगा.

रावपुरा_मधुकाका

केतकी, चिठ्ठी वाचली आणि हात थरथरला. भूगोल, दांडिया बाजार आणि "पावले" हे तीन शब्द एकत्र आले की ते आमचे सरच. आठवीत मी त्यांच्या वर्गात होतो. सर गेल्याचं मला आज कळतंय. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

सर आम्हाला दरवर्षी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेत. सयाजीराव महाराजांनी उभारलेलं, १८९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. इतर शाळांची पोरं ममी बघायला पळायची, आम्ही आधी निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी. महीच्या मुखाशी वाहून आलेला, ७२ फूट लांब. सर म्हणायचे, "फूट सांगू नका, मोजून दाखवा." मग प्रत्येकानं शेपटीपासून जबड्यापर्यंत चालायचं आणि आपली पावलं वहीत लिहायची. माझी छत्तीस भरली होती. त्यावरून माझं एक पाऊल किती फुटांचं, हे गणित घरी करून आणायचं. त्या दिवशी मला कळलं की माझं शरीर हीच माझी मोजपट्टी आहे. पुढे चाळीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली, टेप हाताशी नसेल तेव्हा मी त्याच पावलानं मोजत आलो.

दगडाबद्दल मला काही कळत नाही. इथे "लामेटा" या नावानं एक जाणकार लिहितात, त्यांची वाट बघ.

लामेटा

केतकीताई, प्रथम तुमच्या दुःखात सहभागी आहे.

मी भूशास्त्रज्ञ आहे, आता निवृत्त. नोकरीची पुष्कळ वर्षं नर्मदेच्या आणि महीच्या खोऱ्यांत दगड बघण्यात गेली. माझं इथलं नाव ज्यावरून घेतलंय तो थर म्हणजे लामेटा. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटावरून त्याला हे नाव पडलं. जबलपूरपासून बाघ-कुक्षीकडे, पुढे गुजरातेत बालासिनोरपर्यंत आणि खाली नागपूर-चंद्रपूरकडे हा थर तुकड्यातुकड्यांनी दिसतो. त्याच्यावर दख्खनचा काळा बेसॉल्ट पसरलेला. म्हणजे ज्वालामुखींचा लाव्हा वाहू लागण्याच्या आधी आणि सुरुवातीच्या काळात इथे जी जमीन होती, नद्या-तळ्यांची, ओलसर मातीची, ती या थरात शिल्लक आहे. वय साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षं.

रैयोलीची गोष्ट १९८१ ची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मंडळी चुनखडीच्या कामासाठी त्या भागात नकाशे करत होती, तेव्हा हाडं आणि अंडी सापडली. १९८२ ते ८४ मध्ये तिथून पुष्कळ हाडं उचलली गेली. त्यांतल्याच कवटीच्या आणि मणक्यांच्या तुकड्यांवरून २००३ मध्ये एका मांसाहारी डायनोसॉरला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. कपाळावर बुटकं गोलसर शिंग असलेला हा प्राणी. त्याचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात, कारण हे सगळे भूभाग पूर्वी एकाच खंडाचे होते. तुमच्या वडिलांनी १९८६ मध्ये तिथे जावं, म्हणजे त्यांनी वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून वाट धरली असणार. तेव्हा तिथे आजच्यासारखं कुंपण, म्युझियम काही नव्हतं.

आता ओळखायचं कसं ते. गोल दगड म्हणजे अंडं नव्हे, हे आधी मनाशी धरा. आपल्याकडे गोल दगड तीन-चार तऱ्हांनी तयार होतात. बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून आत गोळा उरतो. मातीतल्या चुन्याचं पाणी एखाद्या कणाभोवती साकळून गाठी होतात, लामेटात तर त्या खच्चून भरलेल्या आहेत. दर पावसाळ्यानंतर कुणीतरी मला अशा गोळ्याचा फोटो पाठवतंच.

अंडं असेल तर कवच हवं. टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची अंडी गोल असत, साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे तुमचा दगड आकारानं बसतो, पण आकारावर भरवसा नाही. कवच एक ते तीन मिलिमीटर जाडीचं असतं. भिंगातून बघा. बाहेरून पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, बारीक-बारीक फोड आल्यासारखा, राजगिऱ्याचे दाणे चिकटवल्यासारखा दिसतो. तुटलेल्या कडेवर आतून बाहेर उघडणारे इवले पंखे एकाला एक लागून उभे दिसतात. काही लोक सांगतील की लिंबू पिळा, फसफसलं तर अंडं. तसं काही करू नका. कवच चुन्याचं असतं, गाठही चुन्याचीच असते, दोन्ही फसफसतात. नुसता नमुना खराब होईल.

दगडाचे उन्हातले चार बाजूंचे फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. आणि एक विचारायचं राहिलं: काडेपेटीत काय आहे?

इंदूरची_वसुधा

लामेटाकाका, तुमचं वाचून आमच्या धार जिल्ह्याबद्दल लिहायची इच्छा झाली. केतकी, तुझ्याकडे रैयोली तसं आमच्याकडे बाघ. इंदुराहून मांडवगडाला सहलीला जातो तो सगळा रस्ता, त्याच्या पलीकडे बाघ-कुक्षी. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांचा शोधनिबंध आला, त्यात तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. घरटी इतकी जवळजवळ आहेत की अंडी उबवायला आई तिथे वावरू शकली नसती, असं त्यांनी म्हटलं आहे. मगरीसारखी खड्ड्यात अंडी घालायची, वर माती ओढायची आणि निघून जायचं. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्याच एका अंड्यात आणखी एक अंडं सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. असं पक्ष्यांमध्ये होतं, म्हणून त्याचं एवढं अप्रूप.

२०२३ च्याच डिसेंबरात तिथल्या पाडल्या गावची बातमी आली होती. तिथे लोक शेताच्या हद्दीवर गोल दगड मांडून "काकड भैरव" म्हणून पुजत होते. शेताचं, गुरांचं रक्षण करणारा देव. बघायला आलेल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही डायनोसॉरची अंडी आहेत. माझ्या सासूबाई ती बातमी वाचून म्हणाल्या, "मग काय झालं? इतकी वर्षं त्यांनीच तर सांभाळली." मला ते पटलं. शेंदूर लागला म्हणून तरी ती नांगराखाली गेली नाहीत.

विद्याधर_अलकापुरी

मी केतकीच्या भावाच्या बाजूनं बोलतो. आमच्या देवघरात आजोबांनी आणलेला शाळिग्राम आहे. गंडकीतून येणारे शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, हे मला इंजिनिअरिंगला असताना कळलं. हिमालय जिथे आहे तिथे पूर्वी समुद्र होता त्याची ही खूण. हे कळल्यावर माझी त्या शाळिग्रामावरची श्रद्धा कमी झाली नाही, उलट रोज अभिषेक करताना कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी आठवतं. वसुधाताईंच्या सासूबाई बोलल्या ते अगदी खरं आहे. घरात वस्तू जिवापाड सांभाळली जाते. कुठे द्यायची म्हणजे एखाद्या गोदामात नंबर टाकून पडायची. बालासिनोरच्या बाबी राजघराण्यातल्या आलिया सुलताना यांनी सांगितलेली हकिकत मी वाचली होती, एका म्हातारबाईंच्या घरी मसाला वाटायला जो दगड होता तो अंडं निघाला. तिच्या घरात तोही टिकलाच की. वडिलांची आठवण घरातच शोभते.

लामेटा

विद्याधरराव, शाळिग्रामाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार आवडलं. पण "नंबर टाकून पडायची" या शब्दांवर मला थांबावंसं वाटतं, कारण माझं आयुष्य त्या नंबरांत गेलं आहे.

एक हकिकत सांगतो. तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात, रैयोलीपासून फार लांब नाही, ढोली डुंगरी नावाचं गाव आहे. १९८४ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना तिथे अंड्यांचं घरटं असलेला दगड सापडला. अंड्यांशेजारी बारीक हाडं होती. अंड्यांतून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू, असं तेव्हा वाटलं आणि तसं प्रसिद्धही झालं. दगड संग्रहात गेला. नंबर पडला. पुढे २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन तो दगड तपासत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की यांतले काही मणके डायनोसॉरचे नाहीतच, सापाचे आहेत. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. बहुधा वादळात चिखल-वाळू घसरून सगळे एका क्षणात गाडले गेले. मग ही मंडळी परत ढोली डुंगरीला गेली, तोच उतार, तोच थर शोधला, आणखी नमुने मिळाले. २०१० मध्ये सनाजेह इंडिकस या नावानं तो साप जगापुढे आला. डायनोसॉरच्या घरट्यात शिकारीला आलेला साप त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

तो दगड कुणाच्या घरात शोभेला असता, तर ती हाडं अजूनही पिल्लूच राहिली असती. सतरा वर्षं तो कपाटात होता तरी त्याच्याबरोबर गावाचं नाव होतं, थराची नोंद होती, म्हणून परत जाता आलं.

याच्या उलट उदाहरणही आहे. भारतातली डायनोसॉरची पहिली हाडं स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरला सापडली, हेच ते ठगांचा बंदोबस्त करणारे कॅप्टन स्लीमन. १८७७ मध्ये लिडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. पुढे तीच हाडं संग्रहात कुठे गेली ते कुणालाच सापडेना. २०१२ मध्ये कोलकात्यात त्यांतला मणका पुन्हा हाती लागला. इतकी वर्षं जगभरचे अभ्यासक चित्रांवरून आणि वर्णनांवरून वाद घालत होते.

म्हणून, केतकीताई, मला तुमच्या दगडापेक्षा तुमच्या वडिलांच्या चिठ्ठीचं अधिक मोल वाटतं. दिशा, उतार, ओढ्यापासूनचं अंतर, बांध, तारीख. आमच्या खात्यातल्या नव्या मुलांना ही शिस्त लावायला वर्षं जातात. आणि शेवटचं प्रश्नचिन्ह! ज्याला खात्री नाही तिथे त्यांनी खात्री दाखवली नाही.

चांद्याचा_प्रफुल्ल

धागा वाचतोय आणि मन भरून येतंय. आमचा चंद्रपूर जिल्हा यात मागे नाही म्हणून थोडं लिहितो. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला शेतांत डायनोसॉरची शेण सापडते. दगड झालेली, हातात घेतली तरी काही वाटत नाही. २००५ मध्ये त्या शेणात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. तोवर समज असा होता की डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतंच. एका शेणाच्या तुकड्यानं तो मोडून काढला. तिथून जवळच डोंगरगावच्या टेकडीवर आयसिसॉरसचा सांगाडा सापडला होता, तोही लांब मानेचा.

लामेटा सर म्हणतात ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. बाहेरून येणारे लोक पिसदुऱ्याहून पिशव्या भरून नेत. आज ते तुकडे कुणाच्या काचेच्या कपाटात असतील. कोणत्या शेतातले, कोणत्या थरातले, आता कोण सांगणार? अशा ठिकाणांसाठी भूवारशाच्या कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये लोकांसमोर आला होता. तो कायदा लवकर व्हावा असं फार वाटतं.

केतकी_दांडियाबाजार

सगळ्यांचे किती आभार मानू. मधुकाका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "व्हेलखाली ते मलाही चालवत घेऊन गेले होते, लग्न ठरल्यावर."

फोटो टाकते आहे. काडेपेटी मी अजून उघडलेली नाही. तिला वरून चिकटपट्टी लावलेली आहे आणि ती नानांनी लावलेली आहे, एवढंच कारण.

पण आम्ही रैयोलीला जाऊन आलो. काल, मी, भाऊ आणि मुलगा. इतकी वर्षं डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनाला जातो आणि तिथूनच परत फिरतो. यावेळी दर्शन घेऊन पुढे सेवालियावरून बालासिनोर, तिथून रैयोली. लवकर निघालं तर एका दिवसात आरामात होतं. सोबत भाकरी-चटणी नेली होती ते बरं झालं.

म्युझियम २०१९ मध्ये सुरू झालेलं. बाहेर आवारात पूर्ण उंचीचे पुतळे आहेत, मुलगा राजासॉरसच्या पुतळ्यापाशी उभा राहून त्याच्या कपाळावरचं शिंग शोधत बसला. आत सांगाडे आणि चित्रं बघताना तो प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होता, "हे खरं आहे का?" मला उत्तर देता येईना. लामेटाकाका, याबद्दल सांगाल का?

मग आम्ही बाहेर उद्यानात गेलो, जिथे दगड जागच्या जागी ठेवले आहेत. तिथल्या मार्गदर्शकानं एका खडकापाशी नेलं आणि पाण्याची बाटली मागितली. खडकावर थोडं पाणी ओतलं. कोरड्या राखाडी दगडात काही दिसत नव्हतं. ओला झाला तशी त्यात वर्तुळं उमटली. अर्धी वर्तुळं, पाऊण वर्तुळं, एकाला एक खेटून, प्रत्येकाला भाकरीच्या कडेसारखी गडद कड. मुलानं खाली बसून एका कडेवरून बोट फिरवलं आणि या वेळी त्यानं "खरं आहे का" असं विचारलं नाही. दगड वाळला तशी वर्तुळं पुसट झाली. त्यानं परत पाणी मागितलं. असं चार वेळा झालं.

भाऊ गाडीत बसेपर्यंत गप्प होता. डाकोर मागे पडल्यावर म्हणाला, "नानांनी तिथून उचललं, ते त्यांना सलत असणार. नाहीतर माळ्यावर का ठेवलं असतं? बैठकीत ठेवलं असतं." मला हे कधी सुचलं नव्हतं. दगड देऊन टाकावा, यावर आता तोही तयार आहे.

मृणाल_लंडन

मी वडोदऱ्याचीच, कारेलीबागेतली. इथल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये मुलींना घेऊन नेहमी जाते. मुख्य दालनात कित्येक वर्षं डिप्पी नावाचा डिप्लोडोकसचा सांगाडा होता, १९०५ पासून संग्रहात असलेला. तो मूळ हाडांचा नाही, साचा घेऊन केलेली प्रतिकृती, आणि तरी लोकांनी त्याच्यावर अतोनात प्रेम केलं. २०१७ मध्ये तो हलवला आणि त्याच्या जागी निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगला. तो मात्र खरा, १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला. पहिल्यांदा बघितला तेव्हा डोळ्यांसमोर कमाटीबागच आली. मुलींना म्हटलं, आमच्या गावाला हा कधीपासून आहे. पुढच्या दिवाळीत त्यांना आपल्या व्हेलपाशी घेऊन येणार आहे, आणि मधुकाकांच्या सरांसारखी पावलं मोजायला लावणार आहे.

लामेटा

मृणालताईंनी अर्धं उत्तर दिलंच. केतकीताई, मुलाला सांगा, हा प्रश्न प्रत्येक म्युझियममध्ये विचारत जा, तिथल्या माणसांना आनंदच होतो. जीवाश्म झालेलं हाड म्हणजे दगडच, प्रचंड जड आणि ठिसूळ. खनिजं झिरपून हाडाच्या पोकळ्या भरलेल्या असतात. ते लोखंडी सांगाड्यावर चढवायचं तर भोकं पाडावी लागतात, आणि अभ्यासकाला पुन्हा हवं असेल तर उतरवणं कठीण. म्हणून बहुतेक ठिकाणी साच्यातून काढलेली हलकी प्रतिकृती उभी करतात आणि मूळ हाडं संग्रहात ठेवतात. शिवाय पूर्ण सांगाडा एकाच प्राण्याचा मिळणं फार दुर्मीळ. भारतात उभारलेला पहिला मोठा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे, बारापासॉरस टागोरायचा, तोही अनेक प्राण्यांच्या हाडांवरून जुळवलेला. नावातला "बारा पा" म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोर यासाठी की खोदकाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराचं.

फोटो बघितले. मोकळेपणानं सांगतो, गोळ्यावर मला कवच दिसत नाही. पण फोटोवरून निकाल देणं बरोबर नाही. विद्यापीठात माझ्या ओळखीचे भूशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. मी येत्या शनिवारी वडोदऱ्यात आहे. चालत असेल तर डबा जसा आहे तसा घेऊन या. काडेपेटी तिथेच उघडू. मुलालाही आणा.

केतकी_दांडियाबाजार

शनिवारी जाऊन आलो. सविस्तर लिहिते.

प्राध्यापकांनी आधी चिठ्ठी वाचली, दोनदा. मग टेबलावर पांढरा कागद पसरला आणि गोल दगड भिंगाखाली घेतला. चपट्या बाजूला एक जुना टवका उडालेला होता, तिथून आतली घडण दिसत होती. एकामागून एक थर साकळलेले, मध्ये एक लहानसा खडा. कवच कुठेही नाही. ती चुन्याची गाठ आहे. त्यांनी ते मुलाला समजावून सांगितलं, त्याच्या हातात भिंग देऊन. त्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार.

मग काडेपेटी. चिकटपट्टी लामेटाकाकांनी अगदी हळू सोडवली. आत कापूस आणि कापसात अकरा चपटे तुकडे. सगळ्यात मोठा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. प्राध्यापकांनी पहिला तुकडा चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरला आणि ते काहीच बोलले नाहीत, नुसतं भिंग काकांकडे सरकवलं. काकांनी बघितलं आणि मला बोलावलं.

राजगिरा. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच. बारीक दाणे, शेजारी शेजारी, साडेसहा कोटी वर्षांनंतरही बोटाला लागतील असे. आणि तुटलेल्या कडेवर इवले पंखे.

काडेपेटीच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलनं लिहिलं होतं, "त्याच बांधावरून. ही नक्की." इथे प्रश्नचिन्ह नव्हतं. नानांकडे भिंग होतं, त्यांना कळलं होतं. गोळ्याबद्दल शंका होती ती शंका म्हणूनच लिहिली, आणि कवचाबद्दल खात्री होती ती खात्री म्हणून.

अकरा तुकडे, काडेपेटी आणि मूळ चिठ्ठी विभागाच्या संग्रहात दिली. चिठ्ठीची छायाप्रत आम्हाला मिळाली. नोंदवहीत "संग्राहक" असा रकाना आहे, तिथे नानांचं पूर्ण नाव भावानं लिहिलं. त्याचं अक्षर नानांसारखंच आहे. मुलाला एक तुकडा हवा होता, तो मागेल अशी मला भीती होती. त्यानं फक्त विचारलं, "मी मोठा झाल्यावर हे बघायला येऊ शकतो ना?" प्राध्यापक म्हणाले, "नंबर सांगितलास की काढून देऊ." त्यानं नंबर हातावर लिहून घेतला. गोल दगड आम्ही घरी परत आणला आहे, तो भावाकडे राहील.

आता एक काम उरलं आहे. प्राध्यापकांना तो बांध शोधायचा आहे, अजून शिल्लक असेल तर. उतार आणि ओढा नकाशावर सापडला. पण "४० पावले" म्हणजे नेमकं किती, हे ते विचारत होते. माणसागणिक फरक पडतो. नानांचं पाऊल केवढं होतं, हे आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. उंच होते, भरभर चालायचे, एवढंच.

रावपुरा_मधुकाका

केतकी, हे मला सांगता येईल.

आमची सगळ्यांची पावलं मोजून झाली की आम्ही सरांना चालायला लावायचो. चाळीस पोरं एका आवाजात मोजायची, रखवालदार ओरडायचा. शेपटीपासून जबड्यापर्यंत सरांची एकोणतीस भरायची. दरवर्षी एकोणतीसच. ७२ फुटांना एकोणतीस, म्हणजे एक पाऊल जवळपास अडीच फुटांचं.

ओढ्यापासून शंभर फूट वर जाऊन बघा.